माझ्या मुलीने तीन गोल केले नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर डाव्या कोपऱ्यात एक बातमी आली होती. मथळा होता, ‘गिरणी कामगाराच्या नातीची रग्बीत भरारी’. ती नात म्हणजे माझी मुलगी. बातमी आली याचा आनंद झालाच. सासऱ्यांनी सकाळी खाली जाऊन पेपरवाल्याकडचे उरलेले सगळे अंक उचलून आणले, सात होते. पेपरवाल्याने विचारलं, ‘आजोबा, रद्दीचा धंदा सुरू केलात काय?’ त्यालाही एक अंक उघडून दाखवला.

तरी हे पत्र लिहिते आहे, कारण त्या एकवीस ओळींत तीन चुका आहेत. आणि एक गोष्ट चूक नाही, पण चुकांपेक्षा तीच मला जास्त लागली.

चुका आधी सांगून टाकते. बातमीसोबतचं छायाचित्र रग्बीचं नाही. त्यात डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यावर फ्रीजच्या दरवाजाएवढी गादी बांधलेले पुरुष आहेत, तो अमेरिकन फुटबॉल. रग्बीत दातांवर माउथगार्ड असतं, फार तर डोक्याला मऊ टोपी. बाकी शरीर देवाने दिलंय तेवढंच. दुसरी चूक, ‘तिने स्पर्धेत तीन गोल केले’. रग्बीत चेंडू हातात घेऊन समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जायचं आणि तो जमिनीला टेकवायचा, त्याला ट्राय म्हणतात. त्याचे ५ गुण, आणि नंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी २. माझ्या मुलीने या स्पर्धेत एकही ट्राय केलेला नाही. तिसरी चूक, ‘अनवाणी सराव करून’. आपल्या वार्ताहराने तिचा अनवाणी फोटो पाहिला तो टाचेला फोड आला होता त्या दिवशीचा. तिच्याकडे स्टडच्या बुटांचे दोन जोड आहेत. एक कोरड्या मैदानाचा, एक चिखलाचा. दोन्ही सध्या आमच्या बाल्कनीत वास मारत पडले आहेत.

आता लागलेली गोष्ट. एकवीस ओळींपैकी चौदा ओळी आमच्या गरिबीच्या आहेत. दोन खोल्या, गिरणी, १९८२चा संप, सासऱ्यांची नंतरची वॉचमनची नोकरी. सगळं खरं आहे. पण १९८२ साली माझा नवरा बालवाडीत होता आणि माझी मुलगी जन्मायला अजून चोवीस वर्षं होती! मी पालिकेच्या रुग्णालयात बावीस वर्षं परिचारिका आहे, पगार वेळेवर होतो, नवरा हिशेबनीस आहे. आमच्या घरी कधी अंड्यांना कमी पडलं नाही. वार्ताहर मुलगा सभ्य होता, दोनदा चहा घेतला, मन लावून लिहून घेत होता. त्याने विचारलं, खोली किती फुटांची? संपात घर कसं चालवलं? मुलीला दूध मिळायचं का? एकदाही विचारलं नाही की ती कुठल्या जागेवर खेळते, किती मिनिटं खेळली, काय बरं केलं, कुठे चुकली. सासरे त्याला तीन वेळा सांगायला गेले की मी कबड्डीत डावा कोपरारक्षक होतो. तीनही वेळा तो ‘हो का आजोबा’ म्हणाला आणि संपाकडे वळला.

आणि खरी बातमी त्या कोपऱ्यात होती.

आमच्याकडे नायगावात ती सात वर्षांची असल्यापासून आजोबांबरोबर मंडळाच्या कबड्डीला जायची. सासऱ्यांची एकच शिकवण. चढाई करणाऱ्याच्या पायांकडे बघू नको, डोळ्यांकडे तर मुळीच नको. कमरेकडे बघ. पाय फसवतो, डोळा फसवतो, पण कंबर जिकडे वळते तिकडेच माणूस जातो. घरात येता-जाता हे चालायचं. मी पोळ्या लाटत असायचे आणि मागे आजोबा डावीकडे झुकून उजवीकडे सटकायचे, ती त्यांचा घोटा धरायची. दोनदा स्टूल पडलं, एकदा दुधाचं पातेलं.

आठवीत शाळेच्या पीटीच्या सरांनी एक लांबट चेंडू आणला. तो खाली टाकला की ससा जसा कुठेही पळतो तसा पळतो. सरांना दहा-बारा पळणाऱ्या मुली हव्या होत्या. ही दोनशे मीटर पळायची आणि पकडीला घाबरायची नाही, एवढ्यावर निवड झाली. पुढे मला कळलं की देशभर हे असंच होतं. कबड्डी, खो-खो नाहीतर धावण्याच्या शर्यती, यातूनच मुली रग्बीत येतात. बिहारची स्वीटी कुमारी मूळची धावपटू. पाटणा जिल्ह्यातल्या बाढ भागातली मुलगी, २०१४च्या सुमारास रग्बीकडे वळली आणि २०१९ साली महिला रग्बीला वाहिलेल्या स्क्रमक्वीन्स या संकेतस्थळाने तिला जगातली त्या वर्षीची सर्वोत्तम युवा खेळाडू ठरवलं. तिचे पळतानाचे व्हिडिओ माझ्या मुलीने इतक्यांदा पाहिलेत की मलाही पाठ झालेत. चेंडू घेतला की आधी तिरकी बाहेर जाते, समोरची तिकडे झुकली की आत.

पण कबड्डीतून आलेल्या मुलीची एक खोड जाता जात नाही. कबड्डीत धरलं की सोडायचं नसतं. मध्यरेषेपर्यंत तो ओढत नेईल तरी घोटा सोडायचा नाही. रग्बीत उलटं. कमरेला किंवा मांडीला हात घालून पाडलं की ताबडतोब सोडायचं, आपल्या पायांवर उभं राहायचं आणि मग चेंडूला हात घालायचा. पडलेलीनेही चेंडू सोडायचा. पहिलं वर्षभर माझी मुलगी सोडायचीच नाही. शिट्टी, पेनल्टी, पुन्हा शिट्टी. सर मैदानाबाहेरून ‘सोड, सोड!’ म्हणून ओरडायचे आणि माझे सासरे शेजारी बसून कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, ‘सोडायचं तर धरायचं कशाला?’ हा प्रश्न त्यांचा आजही सुटलेला नाही.

खेळ समजायला मलाही वेळ लागला, म्हणून वाचकांसाठी थोडक्यात सांगते. चेंडू हाताने फक्त मागे द्यायचा, पुढे नाही. पळायचं मात्र पुढे. माझी मुलगी खेळते त्या सेव्हन्स प्रकारात एका बाजूला सात जणी, सात-सात मिनिटांचे दोन भाग, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चौदा मिनिटं ऐकून आमच्या वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, ‘एवढंच? मी तर चौदा मिनिटं बादली भरते.’ पण मैदान तेच असतं, पंधरा जणांच्या रग्बीचं, शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद. सत्तर भागिले सात. प्रत्येकीच्या वाट्याला दहा मीटर अडवायचे. आमच्या अख्ख्या घराची लांबी त्याहून कमी आहे, हे हवं तर छापा. आणि एका दिवसात असे दोन-तीन सामने असतात. हा सात जणांचा प्रकार १८८३ साली स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात सुरू झाला. नेड हेग नावाच्या तिथल्या खाटकाने क्लबसाठी पैसे उभे करायला एका दिवसात बरेच सामने व्हावेत म्हणून माणसं कमी केली. मंडळाची वर्गणी जमवणाऱ्यांना ही अक्कल पटकन कळेल.

सराव आझाद मैदानावर. पहाटेची दादरहून धीमी लोकल, सीएसएमटीला उतरून रस्ता ओलांडला की आलं मैदान. पावसाळ्यात सगळ्यात जास्त खेळ, कारण मुंबईत क्रिकेटवाले पावसाला घरी जातात आणि रग्बीवाले बाहेर येतात. मैदानाच्या त्या टोकाला बॉम्बे जिमखाना. १८७५चा. भारतातला पहिला क्रिकेट कसोटी सामना तिथे १९३३च्या डिसेंबरात झाला, लाला अमरनाथांनी शतक ठोकलं, हे आपल्या पानावर दर दोन वर्षांनी येतं. पण देशातली मोठी रग्बी स्पर्धाही वर्षानुवर्षं त्याच जिमखान्यावर होत आली आहे. समोर फॅशन स्ट्रीट. तिथल्या फुटपाथवरची पोरं जिमखान्याचा रग्बी बघत उभी राहायची. मॅथ्यू स्पेसी नावाचे एक इंग्रज गृहस्थ तिथे खेळायचे, त्यांनी त्या पोरांना खेळायला आत घेतलं आणि त्यातून १९९९ साली मॅजिक बस ही संस्था उभी राहिली. माझ्या मुलीला हे ठाऊक नव्हतं. मीच तिला सांगितलं, फॅशन स्ट्रीटवर टी-शर्टचा भाव करता करता. तिने भाव सोडून ऐकलं, त्यामुळे टी-शर्ट वीस रुपयांनी महाग पडला.

जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा हे सगळं भराभर झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. रेल्वेचे स्लीपर डबे, शाळांच्या वर्गखोल्यांत गाद्या, बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख आणि निवड चाचणीची तारीख एकच. शेजारचे विचारायचे, ‘सवलतीचे गुण किती मिळतात?’ आणि ‘ते खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात बसतं का?’ त्यांचंही चुकत नाही, मी स्वतः ते परिपत्रक घडी घालून पाकिटात ठेवलं आहे. पण तेव्हापासून एक बदल झाला तो माझ्या डोळ्यांसमोर. चोपन्न किलोची पोर एकसष्ट किलोची झाली. मांड्या भरल्या, मान भरली. रोज सहा अंडी, नाचणीची भाकरी, रात्री दोन बांगडे. गणपतीला आलेल्या चुलत सासूबाई म्हणाल्या, ‘मुलगी फार अंगाने भरली गं, आता कोण करून घेणार?’ मुलगी म्हणाली, ‘आजी, तुम्हाला उचलून दाखवू?’ आणि उचललं. गौरीच्या समोर. आजी खाली उतरल्यावर बराच वेळ हसत होत्या.

पहिलं राष्ट्रीय शिबिर कोलकात्याला झालं. तिथे ओडिशाच्या मुलींबरोबर खेळल्यावर हिला समजलं की आपण किती कच्चे आहोत. भुवनेश्वरच्या कलिंग संस्थेत आदिवासी मुलं-मुली लहानपणापासून रग्बी खेळतात. ज्या वयात ही दुधाचं पातेलं सांडत होती त्या वयात त्या डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी वीस मीटर पास देत होत्या. पहिल्या रात्री फोनवर रडली. डावा पास जात नव्हता. मी म्हटलं, सलाइन लावायला मलाही सहा महिने लागले होते, रोज दोनशे पास मार. कोलकात्याचीच एक गोष्ट तिने आजोबांना सांगितली. तिथल्या गोऱ्यांचा फुटबॉल क्लब, नाव फुटबॉल पण खेळ रग्बी, १८७८ साली बंद पडला, तेव्हा बँकेत उरलेले २७० चांदीचे रुपये काढून, वितळवून एक कप केला. नागाच्या कड्या आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच कलकत्ता कपासाठी खेळतात. सासरे एवढंच म्हणाले, ‘रुपये आपले, आणि कप त्यांचा. बरं.’

आता एक प्रसंग, जो आपल्या वार्ताहराला सांगितला असता तर त्याने कदाचित मथळा केला असता, म्हणून तेव्हा सांगितला नव्हता. दोन पावसाळ्यांपूर्वीचा एक स्थानिक सामना. चिखल इतका की जर्सीचे रंग कळत नव्हते. समोरच्या मुलीला पाडताना तिचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला. उठली, दोन पावलं गेली आणि आपल्याच बाजूच्या मुलीला धरायला धावली. मी बाहेर छत्री धरून उभी होते, छत्री टाकून आत गेले. गळ्यात शिट्टी अडकवलेले एक आयोजक म्हणत होते, ‘काही नाही झालेलं, पाणी मारा, दोनच मिनिटं राहिलीत, बदली खेळाडू नाही आपल्याकडे.’ मी तिच्या डोळ्यांत मोबाइलचा टॉर्च मारला, दोन्ही बाहुल्या सारख्या आकसल्या. विचारलं, आज वार कोणता? म्हणाली, ‘गुरुवार.’ रविवार होता. पुन्हा विचारलं, कोणाशी सामना आहे? तिने गेल्या महिन्यातल्या संघाचं नाव सांगितलं. मी तिचा हात धरून तिला बाहेर आणली. आमच्या सहा जणी उरल्या, सामना हरलो, आणि एका मुलीच्या वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे.

वर्ल्ड रग्बीचा नियम साधा आहे. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत मैदानात नाही. मोठ्या स्पर्धांत डॉक्टर बाहेर नेऊन तपासतात आणि त्यात पास झाला तरच खेळाडू परत येतो. आमच्या गल्लीबोळातल्या स्पर्धांत ‘पाणी मारा’ हाच उपचार आहे, मग खेळ कुठलाही असो. रात्रभर दर दोन तासांनी तिला उठवून नाव विचारत बसले. सीटी स्कॅन स्वच्छ आला. तीन आठवडे तिला मैदान बंद केलं. पहिला आठवडा डोकं दुखायचं आणि उजेड सहन व्हायचा नाही. नंतरचे दोन आठवडे ती माझ्याशी बोलायची नाही, ते जास्त जड गेलं.

याच काळात आम्ही दोघींनी पॅरिस ऑलिम्पिक पाहिलं. रग्बी सेव्हन्स ऑलिम्पिकमध्ये २०१६पासून आहे. रिओला पुरुषांत फिजीने ग्रेट ब्रिटनला ४३-७ असं धुतलं, तेच फिजीचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक. कल्याण-डोंबिवलीपेक्षा कमी वस्तीचा तो देश, त्यांनी त्या आनंदात सात डॉलरची नोटच काढली. पॅरिसला आमचं लक्ष मात्र मुलींच्या कांस्यपदकाच्या सामन्यावर होतं, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया. अमेरिकेची इलोना मेहर नर्सिंगची पदवीधर आहे हे कळल्यावर मी तिलाच धरून बसले होते. वेळ संपत आलेली, ऑस्ट्रेलिया १२-७ पुढे, चेंडू अमेरिकेच्या स्वतःच्या रेषेपाशी. ॲलेक्स सेड्रिकने दोघींच्या पकडीतून अंग सोडवलं आणि जवळपास अख्खं मैदान पळत गेली. खांबांच्या मधोमध चेंडू टेकवला, बरोबरी झाली, मग किकही तिचीच. १४-१२. माझी मुलगी अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर ओढणी अर्धी ओढून, पडद्याकडे तिरकं बघत होती, आणि ओरडली ती ट्रायवर नाही. म्हणाली, ‘आई, त्या दोघी वर धरायला गेल्या. कमरेला गेल्या असत्या तर संपलं होतं.’

मग मुलीने आठवणीने मला पुण्याची वाहबिझ भरुचा दाखवली. भारताची कर्णधार राहिलेली, आणि पेशाने फिजिओथेरपिस्ट. २०१९ साली मनिलात आपल्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ हरवलं, पंधरा जणींच्या रग्बीतला तो भारताचा पहिला विजय. मी म्हटलं, म्हणजे रग्बी आणि रुग्णालय जमतं एकत्र. ती म्हणाली, ‘जमतं, पण आधी मला खेळू दे.’

आता ज्या स्पर्धेची बातमी आपण छापलीत, तिच्याबद्दल. नाव बातमीत आलंच आहे. पहिल्यांदा भारताची निळी जर्सी मिळाली. बारा जणींचा संघ, त्यात ही बारावी. दोन दिवसांत पाच सामने झाले, त्यांत ही एकूण एकोणीस मिनिटं मैदानात होती. दोन सामन्यांत तर उतरलीच नाही, पाण्याच्या बाटल्या आत-बाहेर नेल्या. हे मी लपवत नाही, तीही लपवत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीचं पहिलं वर्ष असंच असतं. आमच्याकडे नवी सिस्टर आली की ती पहिले तीन महिने ट्रॉली ढकलते, तिचा कोणी सत्कार करत नाही आणि कीवही करत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या सामन्यात तिला उत्तरार्धात उतरवलं. माझी मॉर्निंग ड्यूटी संपली होती. चेंजिंग रूममध्ये लॉकरला मोबाइल टेकवून मी आणि आमच्या मावशी बघत होतो. ही स्वीपर होती, म्हणजे सहा जणींच्या मागे एकटी, कोणी फुटून आली तर शेवटची. आपण बारा गुणांनी मागे. समोरच्यांची डाव्या बगलेची मुलगी चेंडू घेऊन सुटली. बाहेर पांढरी रेषा, आत आमची एकटी, आणि मागे तीस मीटर मोकळं मैदान. मावशी म्हणाल्या, ‘धाव ना गं बाई!’ ती धावली नाही. तिरकी, छोट्या छोट्या पावलांनी मागे सरकत गेली, आतली बाजू बंद करत. समोरचीला वाटलं बाहेरून वाट आहे. खांदा आत टाकला, पाय आत टाकला, मान आत टाकली. आमची हललीच नाही. तिची मान खाली होती. मला तिचे डोळे दिसत नव्हते, पण ती कुठे बघते आहे ते मला ठाऊक होतं.

आणि तिथे चक्री फिरायला लागली. रुग्णालयाचं वायफाय. मावशींनी मोबाइलच्या पाठीवर थाप मारली, जशी जुन्या टीव्हीवर मारायचो. चित्र परत आलं तेव्हा कोपऱ्यातला झेंडा आडवा पडला होता, त्यावर दोघी पडल्या होत्या, आणि लाइन्समनचा झेंडा वर होता. चेंडू रेषेबाहेर. ट्राय नाही. ही सोडून, उठून, लाइनआउटला, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू आत टाकतात तिथे, पळालीसुद्धा. मावशी विचारत होत्या, ‘मग गुण किती मिळाले?’ मी म्हटलं, शून्य. ‘मग तुम्ही रडताय कशाला?’

सामना हरलो. घरी आल्यावर सासऱ्यांना तो तुकडा दाखवला, मैत्रिणीच्या फोनवर पूर्ण मिळाला. चार वेळा पाहिला. मग म्हणाले, ‘सोडलं लगेच. पण आधी धरलं नीट.’

संपादक महोदय, माझं मागणं मोठं नाही. २०२५च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघ, परदेशातले नामांकित खेळाडू, चेन्नई बुल्स जिंकले. ती पुरुषांची स्पर्धा होती, आम्ही दोन दिवस जाऊन पाहिली. घराजवळ एवढं होत असताना आपल्या क्रीडा पानावर एखाद्याला हा खेळ शिकवून ठेवायला हरकत नाही. एक रविवार आझाद मैदानावर पाठवा, पावसाळ्यात पाठवा, मी चहा देईन. निकाल छापताना कोणी कुठे अडवलं, कोणी चेंडू हिसकावला, एवढं लिहा. हरल्या तरी लिहा. आणि चुकली असेल तर तेही लिहा. त्याच सामन्यात, त्या पकडीच्या आधी, तिच्या हातून चेंडू पुढे निसटला होता आणि त्यावरून आपल्यावर ट्राय झाला. हे कोणीच छापलं नाही. आपण तिचे कष्ट लिहिलेत, पण कष्ट लिहिले की खेळाडूला कोणी चूक विचारत नाही. तिला चूक विचारलेली चालते. त्या निसटलेल्या चेंडूवर ती स्वतः अजून झोपेत बोलते.

सासऱ्यांची एक दुरुस्ती वेगळी आहे, माझ्या याच पत्राला. ते गिरणीच्या संघातून खेळायचे, मंडळाच्या नाही. आणि डावा कोपरा.

सोबत एक छायाचित्र पाठवत आहे, शिबिरातलं. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी, कानाजवळ चिकटपट्टी लावलेली. डोक्यावर शिरस्त्राण नाही. छापलं नाही तरी चालेल, परत पाठवायची गरज नाही, आमच्याकडे आणखी आहेत. माझं नाव मात्र छापू नये, रुग्णालयात विचारतात.

आपली,
एक परिचारिका
नायगाव, दादर (पूर्व), मुंबई